रेनेलच्या नकाशातला ठाम काठ

आता पडद्यावरचा हा नकाशा बघा. जेम्स रेनेलच्या ‘बंगाल अ‍ॅटलस’मधला, 1779 सालचा. ईस्ट इंडिया कंपनीसाठी 1764 पासून त्यानं नद्या मोजल्या. यात तिस्ता दक्षिणेला गंगेकडे उतरते, ब्रह्मपुत्रा मैमनसिंगवरून जाते. 1787 च्या पुरात तिस्ता वळून ब्रह्मपुत्रेला मिळाली. पुढे ब्रह्मपुत्रेचाही मुख्य प्रवाह पश्चिमेला, आजच्या जमुनेत सरकला. मग नकाशा चुकीचा म्हणायचा का? आम्ही तसं म्हणणार नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. काठ कोसळतात, नवी बेटं तयार होतात, हे रेनेलला पक्कं ठाऊक होतं. 1781 च्या रॉयल सोसायटीपुढच्या निबंधात त्यानं ते लिहिलंय. नकाशात मात्र काठाची रेषा शेताच्या बांधासारखी ठाम. हा काठ पुढच्या पावसाळ्यात राहील की नाही, हे बघणाऱ्याला कळणार कसं?

1793 मध्ये कायमधारा आला, जमीनदारांचा सारा कायमचा ठरला. जमीन तर नदीत जात होती आणि दुसरीकडे ‘चर’ म्हणून वर येत होती. (आपल्याकडे चर म्हणजे खणलेला, तिकडे गाळानं वर आलेला.) ती वर आलेली जमीन कोणाची, याचा कायदा व्हायला 1825 साल उजाडलं.