पेचातला तिसरा माणूस
गेम थिअरीतला ‘कैद्यांचा पेच’ मराठीत आणताना मला त्यातला तिसरा माणूस खटकतो. दोन कैद्यांना वेगळं ठेवणारा तो, नियमही त्याचेच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) नेमकं इथे बोट ठेवतं. त्यात तुर्कस्तानातल्या अलान्याचे मच्छीमार येतात. ते सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटून घेत, जानेवारीपर्यंत रोज एकेक जागा पूर्वेला सरकत, नंतर पश्चिमेला. चांगली जागा सगळ्यांच्याच वाट्याला येई, पहाराही ते स्वतःच ठेवत. पुस्तकाची भाषा रुक्ष आहे, पण युक्तिवाद पक्का आहे: माणसं बोलू शकतात, नियम बदलू शकतात. त्यांना ‘कैदी’ म्हटलं, की नियम बाहेरच्यांनीच करायचे हे आधीच ठरून जातं.