सारखा आकडा, वेगळी शरीरे

२००४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. (उंची १.६० मीटर आणि वजन ५७ किलो असेल तर हाच आकडा येतो. मुलांकडून करून घ्यावे.) पण क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव पडले.

एवढ्या कमी जागेत एवढे सांगणारे चित्र आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे. तरीही ते 'भारतीय असे आणि युरोपीय तसे' या अर्थाने वाचले जाण्याचा धोका आहे, आणि तसे वाचणे चूक ठरेल. दोन माणसे म्हणजे दोन देश नव्हेत. शिवाय लेखकांनीच चित्राखाली मिस्कीलपणे नोंदवले आहे की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे! याज्ञिकांचे जन्मवजन कमी होते, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे व्यायाम, जन्मवजन आणि आनुवंशिकता या तिन्ही गोष्टी एकदम वेगळ्या. एका वेळी एकच घटक बदलावा, असे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. त्या कसोटीवर हे चित्र कारण सांगू शकत नाही. मात्र 'बीएमआय सारखा तर चरबीही सारखी' हे विधान खोडायला एक उदाहरण पुरते, आणि ते काम चित्राने चोख केले आहे.

कारणाचा शोध इतरत्र घ्यावा लागतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती. पण स्नायू जेवढे कमी, तेवढी पाठीवरच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, पण प्रमाणाने मेदयुक्त. शिक्षकांच्या खोलीत सहज नजर टाकली तरी बारीक हातापायांचे आणि पोट सुटलेले एखादे गुरुजी दिसतात. 'वजन बरोबर आहे' एवढ्यावर त्यांचे समाधान झाले, तर मधुमेहाची तपासणी लांबणीवर पडते.

मुळात हे सूत्र रोगासाठी नव्हतेच. बेल्जियमचे खगोल व संख्याशास्त्रज्ञ केतले 'सरासरी माणूस' शोधत होते. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे त्यांनी १८३० च्या दशकात दाखवले. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेचे अँसेल कीज यांनी दिले. चरबी किती आणि कोठे, हे त्या भागाकारात कोठेच येत नाही.

म्हणून कमरेचा घेर. पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी अधिक निगडित असते, आणि घेरावरून तिचा अंदाज येतो. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली. ती उपयुक्त आहे, पण तिच्यावरही आमचा आक्षेप आहे. १४५ आणि १६५ सेंटिमीटर उंचीच्या दोन स्त्रिया घ्या. दोघींची कंबर ७८. या मर्यादेने दोघी सुरक्षित. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, असा दुसरा नियम आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये तो सुचवला. त्याने पहिली बाई रेषेपलीकडे जाते (७८ भागिले १४५ म्हणजे ०.५४), दुसरी अलीकडेच राहते (०.४७). आम्हाला हा नियम अधिक पटतो, आणि दोरीची घडी घालूनही तो तपासता येतो.

शाळेच्या आरोग्यपत्रकात प्रौढांचे २३ किंवा २५ हे बीएमआयचे आकडे मुलांना लावू नयेत. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग यांनुसार केलेल्या तक्त्यावर वाचावा लागतो, आणि तो वर्गासमोर मोठ्याने तर मुळीच वाचू नये.

मोजण्याचा प्रयोग करायचाच तर कंबर गुरुजींचीच घ्यावी. शिंप्याची टेप आणावी. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता मोजावे. मग बेंबीवरून, मग पट्ट्याच्या रेषेवरून. प्रत्येक वेळी विद्यार्थी वेगळा. आकड्यांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडला तर नवल नाही, आणि ९० च्या अलीकडून पलीकडे जायला तेवढा पुरतो.