भायखळा, बर्लिन आणि किहीम : सालिम अली यांच्या आत्मचरित्रातील अभ्यासपर्व

सालिम अली यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे इंग्रजी आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वाचक या आत्मचरित्राकडे वळतो तो बहुधा एका प्रसंगाच्या ओढीने. पिवळ्या गळ्याची एक चिमणी बंदुकीने टिपणारा गिरगावातील खेतवाडीचा मुलगा तिची ओळख पटवून घेण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत जातो, आणि तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड त्याच्यापुढे पक्ष्यांचे जग खुले करतात. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यापुढील एक महत्त्वाचे पर्व झाकोळून गेले आहे. ते पर्व म्हणजे बर्लिनमधील अभ्यासाचे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या काळात परदेशी जाऊन पर्यावरणविषयक संशोधनाचा अनुभव घ्यावा, ही कल्पना आता आपल्याकडे रुळू लागली आहे. प्राध्यापक शिफारसपत्रे देतात, महाविद्यालये आपल्या वार्षिक अहवालांत अशा निवडींचा उल्लेख अभिमानाने करतात. अशा वेळी बर्लिनच्या या पर्वाचे पुनर्वाचन केवळ चरित्रात्मक कुतूहलाचा विषय राहत नाही.

या पर्वाची पूर्वपीठिका भायखळ्यात आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी निसर्गाभ्यासाची आवड असलेले आठ गृहस्थ भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, एकत्र आले आणि सोसायटीची स्थापना झाली. या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी भाषक होते. दोघेही भायखळ्याच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात घडलेले. आत्माराम पांडुरंग यांचे नाव प्रार्थना समाजामुळे, तर सखाराम अर्जुन यांचे नाव पुष्कळदा केवळ रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून घेतले जाते. परंतु मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांची सूची १८७९ ची आहे, आणि सोसायटीच्या स्थापनेत एका वैद्याला रस का वाटावा याचे उत्तर त्या सूचीत मिळते. या पिढीचा निसर्गाभ्यास जवळच्या बाजारातील मुळ्या, साली आणि बियांपासून सुरू झाला होता. संग्रहालयाला लागून राणीची बाग होती. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेत ब्रह्मदेशातील उर्वशीसारखे आणि आफ्रिकेतील गोरखचिंचेसारखे वृक्ष रुजले. परदेशातील निसर्ग येथे रोपांच्या रूपाने येत होता. येथील जिज्ञासूला परदेशी जाण्याची गरज भासली ती नंतर.

ती का भासली, याचे उत्तर आत्मचरित्रातील तपशील देतात. सालिम अली यांच्यापाशी पदवी नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनेक वर्षांतच त्या कामाला ते कंटाळले आणि अभ्यासासाठी रजा घेऊन जर्मनीस गेले. सोसायटीला पक्षिसंग्रह जमवता आला, नियतकालिक चालवता आले, हौशी शिकाऱ्यांना निरीक्षक बनवता आले. मात्र स्थापनेनंतर पंचेचाळीस वर्षे लोटली तरी एखाद्या भारतीय तरुणाला पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण मिळेल अशी व्यवस्था मुंबईत उभी राहिली नव्हती. विद्यापीठही याबाबतीत सोसायटीच्या पुढे नव्हते.

बर्लिनला जाताना ते रिक्त हस्ताने गेले नाहीत. जे. के. स्टॅनफर्ड यांनी ब्रह्मदेशात जमवलेले पक्ष्यांचे नमुने बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अभ्यासले. या व्यवस्थेला इंग्लंडमधील पक्षितज्ज्ञ क्लॉड टाइसहर्स्ट यांचा विरोध होता. एका भारतीयाने हे काम करावे, आणि तेही एका जर्मनाच्या हाताखाली, हे त्यांना रुचले नव्हते. सोसायटीचे रेजिनाल्ड स्पेन्स आणि एस. एच. प्रेटर यांनी हा आक्षेप मानला नाही. परदेशी शिक्षणाची निवड ही केवळ गुणवत्तेची निवड नसते, नमुने कोणाचे, नाव कोणाचे आणि अधिकार कोणाचा हे प्रश्न तिच्या पोटात असतात, हे या प्रसंगातून उघड होते. आजही भारतीय विद्यार्थी परक्या प्रयोगशाळेत आठ-दहा आठवडे काम करतो तेव्हा त्याने नोंदलेली आकडेवारी कोणाच्या प्रकल्पाची ठरते, हे जाण्यापूर्वी विचारले पाहिजे. शिफारसपत्र देणारे सहसा ते विचारत नाहीत.

श्ट्रेझेमान यांना सालिम अली यांनी आपले गुरू मानले. या गुरूने दिले काय? त्या काळातील पक्षिशास्त्र प्रामुख्याने कातड्यांचे आणि चिठ्ठ्यांचे होते. पक्षी मारावा, सोलावा, मोजावा, त्याला नाव द्यावे आणि खणात ठेवावा, असा त्याचा क्रम होता. श्ट्रेझेमान आणि त्यांच्या भोवतालचे अभ्यासक हे शास्त्र जिवंत पक्ष्याच्या वर्तनाकडे, प्रजननाकडे आणि परिसराशी असलेल्या त्याच्या नात्याकडे वळवीत होते. ऑस्कर हाइनरोट, बर्नहार्ड रेन्श, एर्न्स्ट मायर ही त्याच वर्तुळातील नावे. हेलिगोलँड बेटावरील वेधशाळेत पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचा मागोवा घेण्याचे तंत्रही सालिम अली यांनी हाताळले. खणातील नमुन्याकडून फांदीवरच्या पक्ष्याकडे झालेला दृष्टीचा हा पालट हेच बर्लिनचे खरे देणे म्हणावे लागेल.

त्याची कसोटी लागली ती परतल्यावर. १९३० मध्ये सालिम अली मुंबईत आले तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी राहावयास गेले आणि तेथे सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास त्यांच्या हाती लागला. सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक निराळीच संसारकथा उलगडून दाखवली. घरटे विणतो तो नर. ते अर्धेअधिक विणून झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले तर ती तेथे राहते, मग नर त्याला प्रवेशाची लांब नळी जोडून ते पुरे करतो. ती अंडी उबवीत असता तो शेजारीच दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्या भाषेत या पक्ष्याचे नावच स्त्रीलिंगी आहे. सुगरण म्हणजे घर नीटनेटके राखणारी, रांधण्यात निपुण असलेली गृहिणी. बहिणाबाई चौधरी यांच्या सुप्रसिद्ध कवितेतील खोपाही तिचाच, तिच्या मातृत्वातून विणलेला. कवितेचे सत्य पक्षिशास्त्राने तपासण्याचे कारण नाही, आणि बहिणाबाईंच्या निरीक्षणशक्तीला त्यामुळे उणेपणाही येत नाही. परंतु शतकानुशतके डोळ्यांसमोर लोंबकळणाऱ्या घरट्यांचा कर्ता कोण, हे एका माणसाने पावसाळाभर एकाच वसाहतीकडे टक लावून पाहिल्यावर नीट कळले. बर्लिनने शिकवलेले पाहणे आणि कोकणातला पाऊस यांचा जेथे संयोग झाला तेथे हे ज्ञान जन्मले. केवळ बर्लिन किंवा केवळ किहीम त्याला पुरे पडले नसते.

आत्मचरित्राच्या लोकप्रिय वाचनात हा सारा भाग जिद्दीची यशोगाथा बनून येतो. नोकरी गेली, तरी गडी खचला नाही, असा त्याचा सूर असतो. हे वाचन अपुरे आहे. परदेशातून शिकून आलेल्या माणसासाठी शहरात जागा उरलेली नव्हती, ही त्यातील मुख्य गोष्ट झाकली जाते. सालिम अली तय्यबजींच्या विस्तृत आणि सुस्थित गोतावळ्यातले होते. पगाराविना किनाऱ्यावरच्या गावी राहून पक्षी पाहणे त्यांना शक्य झाले. भायखळ्याच्या किंवा लालबागच्या चाळीतून शिष्यवृत्तीच्या बळावर परदेशी जाऊन आलेल्या विद्यार्थ्याला पुढचा पावसाळा कोठे काढता येईल, याचा विचार त्याला पाठवणाऱ्या महाविद्यालयाला करावा लागेल.

पावसाळ्याचा हा उल्लेख आलंकारिक नाही. 'उन्हाळी संशोधन' हा शब्दप्रयोगच उसना आहे. उत्तरेकडील विद्यापीठांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असा असतो. आपल्याकडे तोच काळ मृगापासून मघांपर्यंतचा. येथील उन्हाळा चैत्र-वैशाखात सरतो आणि महाविद्यालयांची दीर्घ सुट्टी प्रायः मे महिन्यात येते. परिणामी परदेशी 'उन्हाळ्या'साठी गेलेला विद्यार्थी पहिल्या सत्राच्या आरंभीची व्याख्याने आणि हजेरी तर बुडवतोच, शिवाय आपल्या प्रदेशाच्या पर्यावरणाचा सर्वांत बोलका ऋतूही गमावतो. सुगरण याच दिवसांत विणते. बेडकांची वीण, ओढ्यांचे पाणी, दरडींची हालचाल, समुद्राचे उधाण आणि गटारांची कोंडी या साऱ्यांची परीक्षा याच दिवसांत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. बेटांमधील खाड्या बुजवून उभ्या राहिलेल्या या शहरात भरतीच्या वेळी कोसळलेला पाऊस कोठे साचतो, हे हिंदमाता परिसरातील कोणताही दुकानदार सांगेल. मात्र तो किती वेळ साचतो, कोणत्या उंचीपर्यंत चढतो, कशाने ओसरतो, हे मोजण्यासाठी जुलैत येथे हजर असावे लागते.

यावर उपाय म्हणून परदेशाची दारे बंद करावीत, असा युक्तिवाद कोणी केल्यास तो टिकणारा नाही. माधव गाडगीळ मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून हार्वर्डला गेले, गणिती परिस्थितिकीत पीएच. डी. मिळवून १९७१ मध्ये परतले आणि वा. द. वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रीतील देवरायांच्या अभ्यासाकडे वळले. देवराई हा विषय त्यांना हार्वर्डने दिला नाही, तेथून आली ती विषयाकडे पाहण्याची शिस्त. कृष्णमेघ कुंटे यांचे 'एका रानवेड्याची शोधयात्रा' हे पुस्तक याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. एका विद्यार्थ्याचे संशोधन मुदुमलाईच्या जंगलात घडते आणि त्याची कहाणी मराठीत उतरते. परदेशातील उन्हाळी कामाचे अहवाल इंग्रजीत लिहिले जातात, हे अपरिहार्यच. पण त्यांचा आशय मराठी वर्गात कधी पोचतो का, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनीही आपला मानावयास हरकत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्रकार्याला आणि कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. परदेशातील आठ आठवड्यांना ते द्यावयाचे असतील, तर त्यांच्या जोडीला येथील एका पावसाळ्याचे निरीक्षण मागावे. भायखळ्यात त्याला लागणारी सामग्री हाकेच्या अंतरावर आहे. राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी काचेआड, यंत्राने गारवा राखून ठेवले आहेत आणि त्यांच्यासमोर गर्दी उसळते. त्याच बागेच्या झाडांवर तांबट, कोकीळ आणि घारी तिकिटाविना, पिंजऱ्याविना वावरतात. त्यांच्यासमोर रांग लागत नाही.

अशा कामाचे फळ सत्राच्या शेवटी गुणपत्रिकेत दिसेलच असे नाही. हेलिगोलँडला हाताळलेले कडी अडकवण्याचे तंत्र भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात आणण्याची संधी सालिम अली यांना मिळाली ती १९५९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला तेव्हा. बर्लिनहून परतून त्या वेळी एकोणतीस वर्षे झाली होती आणि त्यांनी वयाची साठी ओलांडली होती.