कॉबेटची बिअर आणि चवीचा न्याय

बिअर घरी कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकाचा परामर्श या पृष्ठांवर घेतलेला पाहून काही वाचकांस नवल वाटेल, आणि ज्यांच्या घरात मद्याचे नावही निघत नाही त्यांस कदाचित रागही येईल. त्यांस आमची विनंती इतकीच, की विल्यम कॉबेटचे ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक त्यांनी कृतींचा संग्रह म्हणून न पाहता वादग्रंथ म्हणून पाहावे. माणूस आपल्या जिभेच्या आवडीस तत्त्वाचे रूप कसे देतो, आणि तसे करताना तो कोठे खरा ठरतो व कोठे फसतो, याचा इतका मनोरंजक नमुना इंग्रजी गद्यात क्वचितच सापडेल.

कॉबेट १७६३ साली सरे परगण्यातील फार्नहॅम येथे शेतकऱ्याच्या घरी जन्मला. हा गाव हॉप्सच्या मळ्यांविषयी प्रसिद्ध. आणि हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा व टिकाऊपणा देणारी वेलीची फुले. तेव्हा बिअरची गोडी त्यास बाळकडूबरोबरच लाभली म्हणावयास हरकत नाही. पुढे तो शिपाई झाला, पत्रकार झाला, आणि सरकारवरील टीकेबद्दल दोन वर्षे तुरुंगातही राहिला. १८२१-२२ साली भागाभागांनी निघालेल्या या पुस्तकात त्याने शेतमजुरांस भाकरी, डुक्कर, गाय, कोंबडी अशा अनेक गोष्टींविषयी उपदेश केला आहे. परंतु आरंभीचा मान त्याने दिला आहे तो बिअरला.

त्याचे गाऱ्हाणे असे. ससेक्समधील एलमन नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली होती, की चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या गावातील प्रत्येक मजूर आपली बिअर घरी करीत असे, आणि आता तसा एकही उरला नाही. या पालटाचे खापर कॉबेट दोघांच्या माथी फोडतो. पहिले सरकार, कारण माल्टवर, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळविलेल्या जवांवर, आणि हॉप्सवर त्याने कर बसविले. दुसरा अपराधी चहा. चहावर तर त्याचा असा काही दात आहे, की तो प्रकृतीचा नाश करतो, घर दरिद्री करतो आणि माणसास पुळचट करतो, असे सांगताना त्याची लेखणी थकत नाही.

चहाविरुद्धचा त्याचा मुख्य पुरावा म्हणजे एक रोड डुक्कर. या डुकरास वर्षाच्या बिअरसाठी लागणारे १५ बुशेल माल्ट चारा, म्हणजे ते लठ्ठ होऊन पैसे फेडील. पण वर्षभराचे ७३० वेळचे चहापाणी त्यास पाजा, म्हणजे ते भुकेने मरेल. हे वाचून हसू येते आणि क्षणभर पटतेही. कॉबेटच्या शैलीचे सारे बळ यातच आहे. परंतु थोडा विचार करताच डुकराचे पाय लटपटू लागतात. डुकरास तो धान्य देतो आणि मजुरास त्या धान्याचा काढा! धान्यातील बरेचसे सत्त्व चोथ्यात राहून जाते, आणि तो चोथा शेवटी पुन्हा डुकरासच मिळतो. शिवाय गरीब मनुष्य चहा औंसाऔंसाने आणू शकतो. माल्ट मात्र बुशेलाने घ्यावे लागते, तांब्याची मोठी कढई, पिंपे आणि सरपण लागते. चहा करून भांडी घासण्यात बाईचा किती वेळ जातो याचा हिशेब कॉबेट काटेकोरपणे मांडतो. पिंपे धुण्याचे आणि कढईशी उभे राहण्याचे कष्ट मात्र त्यास तितके जड वाटत नाहीत. आवडीचे काम हलके आणि नावडीचे भारी, हा जगाचा न्याय त्याच्या वहीतही उतरला आहे.

मग या पुस्तकाचे मोल कशात? आमच्या मते, बिअर करण्याच्या प्रत्यक्ष वर्णनात. माल्टवर ओतावयाचे पाणी उकळते असू नये. ते फॅरनहाइटच्या १७० अंशांपर्यंत निवावे. मजुराजवळ उष्णतामापक कोठचा? म्हणून कॉबेट सांगतो, की पिंपात वाकून पाहता आपला चेहरा पाण्यात स्पष्ट दिसू लागला, की पाणी योग्य झाले समजावे. ज्याने स्वतः वाकून पाहिले आहे त्यासच असे वाक्य सुचते. तसेच कडकपणाविषयी. त्याच माल्टवर पहिल्या पाण्याने उतरते ती कडक ‘एल’, आणि दुसऱ्या पाण्याने उतरते ती सौम्य, रोजच्या जेवणाची बिअर. एकाच माल्टात सणाची सोय आणि तहानेचीही. कडकपणा हा स्वतःच गुण नसून प्रसंगाशी त्याचा मेळ हवा, हे व्यवहारज्ञान त्या दोन पाण्यांत आहे. आज हौशीने घरी बिअर करणारे पुष्कळ लोक जितकी कडक तितकी उत्तम असे मानतात. त्यांनी हे दुसरे पाणी अवश्य आठवावे.

कॉबेटचा खरा दोष चवीत नाही. ‘ही माझी चव आहे’ असे त्यास म्हणता येत नाही, यात आहे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९४६ साली, जॉर्ज ऑर्वेलने लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात दोन छोटे निबंध लिहिले. एकात उत्तम चहाचे अकरा नियम आहेत. दुसऱ्यात एका आदर्श मद्यगृहाचे वर्णन असून तेथे पिंपातून काढलेली काळी स्टाउट मिळावी असा त्याचा आग्रह आहे. पण आपल्या नियमांपैकी काही वादग्रस्त आहेत हे तो आधीच सांगून टाकतो, आणि ते मद्यगृह अस्तित्वातच नाही अशी कबुलीही देतो. ऑर्वेलची आवड कॉबेटइतकीच हट्टी आहे. परंतु ती आपले नाव लपवीत नाही, म्हणून तिच्याशी भांडतानाही आनंद होतो.

पुढील इतिहासाने कॉबेटची थट्टाच केली. १८८० साली माल्टवरील कर उठला; त्याच्या जागी बिअरवर कर आला आणि घरी बिअर करणारास परवाना घ्यावा लागू लागला. मजूर काही कढईकडे परतला नाही. परवान्याची अट १९६३ साली गेली, तेव्हा घरोघर पुन्हा पिंपे भरू लागली. पण ती भूक भागविण्यासाठी नव्हे, हौसेसाठी.

आपल्याकडे परवान्यावाचून मद्य तयार करणे १९४९ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कॉबेटच्या कृतीचा आम्हांस उपयोग नाही. परंतु १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाच्या पेल्याने रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस पेल्यातील पदार्थापेक्षा तो कोणाच्या हातचा हा प्रश्न मोठा का होतो, हे निराळे सांगावयास नको. कॉबेटलाही तोच प्रश्न छळीत होता. ज्या घरास आपले पेय आपल्या हाताने करता येत नाही ते घर दुसऱ्याच्या ताब्यात गेले, असे त्यास वाटत होते. हे त्याने उघड म्हटले असते, तर बिचाऱ्या डुकरास साक्षीला आणण्याची गरज पडली नसती.