'नीटनेटके केस' : एका व्यावसायिक निकषाची चिकित्सा

प्रस्तावना :

नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या विद्यार्थिनींना ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत 'केस नीटनेटके असावेत' ही सूचना बहुधा असतेच. ती इतकी निरुपद्रवी वाटते की तिचा नेमका अर्थ कोणी विचारीत नाही. प्रत्यक्षात या शब्दामागे तेल लावून चापून बसविलेल्या, सरळ आणि लांब केसांची प्रतिमा उभी असते. ज्या स्त्रीचे केस उपजतच दाट कुरळे, राठ आणि खांद्यापर्यंतचे आहेत, तिला आपल्या केसांचा स्वभाव बदलल्याशिवाय हा निकष पूर्ण करता येत नाही. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा केली असून, अशा केसांना जपणाऱ्या केशरचना व्यावसायिक शिस्तीशी विसंगत नाहीत, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

भाषेतील पूर्वग्रह :

मराठीत केसांचे वर्णन करणारे अनेक शब्द केवळ वर्णन करीत नाहीत, ते न्यायनिवाडाही करतात. 'झिंज्या', 'झिपऱ्या', 'पिंजारलेले केस' हे शब्द केसांविषयी कमी आणि ते बाळगणारीच्या घरच्या संस्कारांविषयी अधिक बोलतात. कुरळ्या केसांचे कौतुक काव्यात होते. पण ते कपाळावर रुळणाऱ्या एखाद्या बटेपुरते. 'वळण' हा शब्द तर विशेष बोलका आहे. त्याचा एक अर्थ वाक, दुसरा अर्थ शिस्त. ज्या केसांना निसर्गतःच वळण आहे, त्यांनाच 'वळण नाही' असे म्हटले जावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

'जटा' या शब्दाचीही अशीच दुहेरी गत आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्यात, २००३ आणि २०१५ मध्ये, जटाधारी साधूंचे दर्शन लाखो भाविकांनी श्रद्धेने घेतले. स्त्रीच्या डोक्यात जट निघाली की मात्र तो देवीचा कौल मानून तिला देवाला सोडण्याची प्रथा होती. राजन गवस यांच्या 'चौंडकं' या कादंबरीने आणि २००९ च्या 'जोगवा' या चित्रपटाने जोगतिणींच्या वाट्याला येणारे हे जिणे मराठी वाचक-प्रेक्षकांसमोर आणले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा जटा कापून स्त्रियांना मुक्त केले, हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु गुंता न सुटल्याने, भीतीपोटी वाढू दिलेली जट आणि स्वच्छ धुऊन, हेतुपूर्वक घातलेले पीळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणे म्हणजे एका अन्यायाविरुद्धचे शस्त्र दुसऱ्या अन्यायासाठी वापरणे होय.

संरक्षक केशरचनेचे प्रयोजन :

कुरळ्या केसाचा छेद गोल नसून लंबगोल व चपटा असतो. टाळूवरील नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज उतरते. वळणावळणाच्या केसात ते टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे असा केस कोरडा राहतो आणि विंचरताना प्रत्येक वळणाशी तुटण्याची शक्यता असते. म्हणूनच केसांची टोके आत दडवून, रोजचे विंचरणे टाळणाऱ्या रचना उपयुक्त ठरतात. दोन पदरी पीळ, टाळूलगतच्या बारीक वेण्या, सागरवेणी, पिळांचा मानेवर बसणारा सैल अंबाडा ही त्यांची उदाहरणे होत. तेल, पेड आणि वेणी यांची परंपरा असलेल्या समाजास हे तत्त्व परके नाही. खोपा आणि अंबाडा यांमागेही तेच शहाणपण आहे.

मात्र मध्यम लांबीच्या केसांची अडचण वेगळी आहे. ते पुरते आखूड नसतात आणि चापून अंबाडा बांधण्याइतके लांबही नसतात. ते ओढून बांधले की कपाळ व कानशिलांजवळील मुळांवर ताण येतो. हा ताण वर्षानुवर्षे राहिल्यास तेथील केस कायमचे जाऊ शकतात. म्हणजे रचना संरक्षक ठरते ती नावाने नव्हे, तर सैलपणाने. दुसरा मार्ग केस रसायनाने सरळ करण्याचा. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी उत्पादने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही केवळ नीटनेटके दिसण्यासाठी हा धोका पत्करण्यास कोणास भाग पाडावे काय, हा प्रश्न उरतोच.

नाशिकचा विस्मृत संदर्भ :

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे मानणे नाशिककरांना तरी शोभणारे नाही. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर येथील आश्रयस्थानी आणली जात. तेथे त्यांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे व्यवसाय शिकविले जात. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या १८६६ च्या मोहिमेत येथील तरुण होते. येथेच शिकलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीत सहभागी झाला. त्या काळातील छायाचित्रांत तो युरोपीय पेहरावात, आखूड केसांत दिसतो. सभ्य व्यवसायात शिरण्याची वाट परक्या पोशाखातून व कापलेल्या केसांतून जात असे, असा अर्थ त्यातून काढता येतो. पुरुषांपुरता हा प्रश्न कात्रीने सुटला. स्त्रीकडून मात्र केस राखण्याची आणि ते दाबून बसविण्याची, अशा दोन्ही अपेक्षा एकाच वेळी केल्या जातात. शरणपूर रोड आजही नाशिकमध्ये रहदारीने गजबजलेला असतो. त्या नावामागील आफ्रिकी मुले मात्र स्मरणातून गेली आहेत.

नियमाची कसोटी :

केसांविषयीचा कोणताही नियम नसावा, असा येथे आग्रह नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील फिरत्या यंत्राजवळ मोकळे केस जिवावर बेतू शकतात. शस्त्रक्रियागृहात ते झाकलेलेच हवेत. पोलीस प्रशिक्षणात टोपी डोक्यावर नीट बसली पाहिजे. ही कारणे खरी आहेत आणि घट्ट न ओढलेल्या बारीक वेण्या वा पीळ त्यांची पूर्तता करू शकतात. दोष आहे तो कारण न सांगणाऱ्या नियमात.

अमेरिकी लष्कराच्या २०१४ च्या नियमावलीत पिळांवर बंदी होती आणि अशा केसांसाठी 'जटा झालेले, विस्कटलेले' या अर्थाचे शब्द होते. कृष्णवर्णीय महिला सैनिकांच्या आक्षेपानंतर ते शब्द त्याच वर्षी वगळण्यात आले आणि २०२१ पर्यंत नियम बरेच शिथिल झाले. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांच्या पोतावरून व तदनुषंगिक रचनांवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने मनाई केली. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच येथे नियम लिहिणाऱ्यांची, त्यांत महाविद्यालयांचीही, जबाबदारी अधिक आहे.

समारोप :

केस स्वच्छ असावेत, कामात अडथळा आणू नयेत आणि आवश्यक तेथे बांधलेले वा झाकलेले असावेत, एवढे लिहिल्याने व्यावसायिक शिस्तीचे सर्व हेतू साध्य होतात. 'नीटनेटके' हा शब्द त्यात काही भर घालीत नाही. तो केवळ पाहणाऱ्याच्या सवयीला नियमाचे रूप देतो. मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या प्राध्यापकाने कुरळ्या केसांच्या विद्यार्थिनीस केस सरळ करण्याचा सल्ला देण्यापूर्वी, ही अपेक्षा कामाची आहे की आपल्या नजरेची, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारणे आवश्यक ठरते. कारण त्या सल्ल्याची किंमत विद्यार्थिनीस स्वतःच्या शरीराने मोजावी लागते.