मोरांची गर्दी

भरतकाम संपत चालले, असा सूर लावणाऱ्यांनी लग्नसराईत कळंबच्या एखाद्या लेडीज टेलरकडे जाऊन उभे राहावे. आरी वर्कच्या ब्लाउजांची रांग लागलेली असते, क्लास भरलेले असतात, आणि विशीतल्या मुली अड्ड्यावर ताणलेल्या कापडावर अशी साखळी ओढत असतात की बघत राहावे. हातांची वानवा अजिबात नाही. वानवा आहे ती नक्षी ठरवणाऱ्या डोक्याची, आणि 'हे काही जमलं नाही बरं का' असे तोंडावर सांगणाऱ्या माणसाची.

भरतकामाचे वेड असलेल्या आम्ही काही जणी मिळून बचत गटांच्या हस्तकला प्रदर्शनाला गेलो तेव्हा हे फारच जाणवले. मंगल कार्यालयाच्या दोन्ही भिंतींना टेबले, मधे पापड-लोणच्यांचे स्टॉल, आणि जिकडे बघावे तिकडे मोर. पाठीवर मोर, बाहीवर मोर, उरलेल्या जागेत डोलीतली नवरी.

पैठणीला शोभावा म्हणून मोर, असे सांगतात. पण पैठणीच्या पदरातला मोर मागावर विणलेला असतो. ताण्या-बाण्याच्या चौकटीत तो बसवावा लागतो, म्हणून त्याच्या कडा पायरी-पायरीने उतरतात, मान जरा ताठ राहते. त्या अडचणीतूनच त्याला रूप आले आहे. आरीला तसली अडचण नाही, तिची हुकाची सुई हवी तशी वळते. मग मोबाइलवरून उतरवलेला, पीस न् पीस भरून काढलेला मोर त्या पदराशेजारी कॅलेंडरातल्या चित्रासारखा उपरा दिसतो. जाणकारांनी एवढे तरी बोलायला हवे होते. उद्घाटनाच्या भाषणात सगळ्याच वस्तू 'अप्रतिम' होत्या.

आरी मुळात कच्छकडच्या मोची कारागिरांची, चामडे टोचायच्या आरीवरून आलेली. दोरा कापडाखाली धरायचा, हूक वरून खुपसून फास वर ओढायचा, त्याच फासातून पुढचा काढायचा. सगळी वेल एका दोऱ्यावर उभी असते. शेवटची गाठ कच्ची राहिली तर एका ओढीत पाकळ्या, देठ, पाने सगळे उसवत येते. आमच्या सोबत आलेल्या बाई शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी एक ब्लाउज सरळ उलटे केले.

"हे कुंदन चिकटवलंय का गं?"

"हो बाई, गम लावलाय."

"आन् धुतल्यावर?"

"लग्नाचं ब्लाउज कोण धुतंय, बाई!"

उत्तर बिनतोड होते. एका दिवसासाठी आणि फोटोसाठी केलेल्या कामाला टिकण्याची गरजच उरत नाही, आणि मग टाक्याची मजबुती हा कौतुकाचा विषयही राहत नाही. कौतुक कशाचे, तर 'अगदी मशीनवानी' असल्याचे. तिकडे कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाले आपले काम हातकामासारखे दिसावे म्हणून धडपडतात! उलट्या बाजूला बॉबिनचा दोरा दिसला की त्यांचे बिंग फुटते, ते सोडा.

नक्षी उतरवण्याची रीत सोपी आहे. बटर पेपरवर सुईने टोचून खाका करायचा, रॉकेलमध्ये कालवलेली पावडर त्यावरून चोळायची, की खालच्या कापडावर ठिपके उमटतात. क्लासमध्ये मुली खाका उमटवायला शिकतात, काढायला नाही. कळंबपासून दुसऱ्या जिल्ह्यापर्यंत तोच मोर फिरतो तो यामुळे.

आमच्यातल्या एकीने सासूबाईंचे इरकल नेसले होते, पदरावर कसुतीचा कशिदा असलेले. धारवाडकडच्या या कसुतीत गवंती टाका धागे मोजून घालतात, खाका नसतोच. जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे, परत येताना सोडलेले भरायचे. उलट-सुलट सारखे, गाठ कुठेच नाही. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, सगळे मोजणीतून उभे राहते. स्टॉलवरच्या मुली टेबले सोडून त्या पदराभोवती जमल्या. प्रदर्शनातला सर्वांत चांगला नमुना एका प्रेक्षक बाईच्या खांद्यावर होता.

गोधडी मात्र कुठेच मांडलेली नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, कुठला तुकडा कुठल्या रंगाशेजारी बसवायचा याचा शिवणारीने जागेवर केलेला निर्णय: नक्षीची बुद्धी शाबूत आहे ती इथे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केले. आपण मात्र गोधडीला अंथरुणातून उठवून भिंतीवर न्यायला तयार नाही. न जपलेल्या कापडाचे काय होते ते कळंबच्याच जिल्ह्यात बघावे. इथले तेर म्हणजे जुने तगर. तिथून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असे, असे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात नोंदले आहे. तेरच्या संग्रहालयात मणी आहेत, मृण्मूर्ती आहेत. कापड मात्र कुजून जाते. जपले नाही, नोंदले नाही, तर गोधडीचेही तेच होणार.

बंजारा काम एका कोपऱ्यात होते: जुन्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, पट्ट्या कापून केलेल्या पर्स, प्लास्टिकचे आरसे. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजाराच, भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. 2023 मध्ये हंपीच्या जी-20 बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक लंबाणी महिलांचे 1755 नमुने एकत्र मांडून गिनीज विक्रम झाला. विक्रमाचे मला फार अप्रूप नाही, पण तिथे टाक्यांची नावे नोंदली गेली, बायकांना नियमित काम मिळाले. आपल्याकडच्या तांड्यांवरचे टाके कोणी मोजलेलेही नाहीत.

त्या कोपऱ्यातली मुलगी तांड्यावरचीच. टेबलावर तिने आजीची कांचळी, म्हणजे भरलेली चोळी, ठेवली होती, विकायला नव्हे, दाखवायला. "मला हे येत नाही, मला आरी येते," ती म्हणाली. पण तिच्या एका ब्लाउजच्या पाठीवर मोर नव्हता. कांचळीवरचे चौकोन, त्यांतल्या तिरक्या रेघा, कडेची कवड्यांची रांग तिने आरीच्या साखळीत आणि पांढऱ्या मण्यांत उतरवली होती. खाकाही स्वतःच टोचलेला, जरा वाकडातिकडा. बाईंनी तेही उलटे करून पाहिले. गाठी पक्क्या होत्या, गम कुठे नव्हता. त्या हॉलमध्ये स्वतःची नक्षी असलेले आरीचे काम मला तरी हे एकच दिसले.

संध्याकाळपर्यंत तिला तीन ऑर्डरी मिळाल्या. तिन्ही मोराच्या.