बहुविद्याशाखीय संशोधन आणि परीक्षकाची जागा

गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या विद्यापीठीय जगांत एका नव्या जातीच्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आहे. 'बहुविद्याशाखीय संशोधनपत्रिका' असें त्यांचें भारदस्त नांव. यांतील एकाच अनुक्रमणिकेंत ख्रिस्ती उपासनेवरील निबंध, पदार्थविज्ञानावरील टिपण आणि ऑनलाइन बाजारपेठेचें विवेचन हीं शेजारीशेजारी बसलेलीं आढळतात. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावींहि हे अंक पोंचतात, आणि ते चाळतांना सुज्ञ वाचकास प्रथम हसूं येतें. परंतु उपहास म्हणजे परीक्षण नव्हे. या प्रकारांतील दोष नेमका कोठें आहे, तें आम्ही येथें पाहूं इच्छितों.

विषयांची विविधता हा कांहीं दोष नव्हे. १८६७ सालीं निघालेल्या 'विविधज्ञानविस्तार' मासिकानें तर ती आपल्या नांवांतच मिरविली. पण तें मासिक ज्ञान वाचकांपर्यंत नेण्यासाठीं होतें. संशोधनपत्रिका नवें सत्य हातीं लागल्याचा दावा करिते. दावा आला कीं पुरावा आला, आणि पुरावा आला कीं तो पारखणारा आला. या तीन विषयांत पुराव्याची जात निरनिराळी आहे, ही गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे.

प्रथम उपासनेचा विषय घेऊं. आष्टीपासून लोहमार्गानें ६६ किलोमीटरांवर नगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, आहे. तेथें वावरलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं (१८६१–१९१९) भजनें मराठी ख्रिस्ती उपासनेंत आजहि गाइलीं जातात. त्यांच्या कितीतरी आधीं, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें. त्या काळच्या छापील प्रती आज उपलब्ध नाहींत. सालढाणांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें काढलेली आवृत्ति हस्तलिखितांच्या आधारानें सिद्ध करावी लागली. येथें पुरावा म्हणजे पाठभेद, छंद आणि विधि. 'टिळकांवर तुकोबांची छाप आहे' हें विधान शंभरदां केलें तरी तें संशोधन होत नाहीं. कोणत्या रचनेंत कोणती धाटणी घेतली व तेथें अर्थ कसा पालटला, हें दाखवावें लागतें. आणि तें पारखण्यास अभंग व ख्रिस्ती उपासनाविधि या दोहोंची जाण असलेला परीक्षक लागतो.

पदार्थविज्ञानांतील पुरावा म्हणजे मापन. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन लायगो वेधशाळांनीं गुरुत्वीय तरंगांची पहिली खूण टिपली. चार किलोमीटरांच्या भुजेंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनहि सूक्ष्म होता. ही खूण म्हणजे यंत्राचा भास तर नव्हे, याची खातरजमा करण्यांत जवळजवळ पांच महिने गेले. घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं झाली, आणि त्या निबंधावर हजाराहून अधिक शास्त्रज्ञांचीं नांवें होतीं. तशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यांत, औंढा नागनाथजवळ, उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे.

ऑनलाइन बाजाराची कसोटी आणखी वेगळी. १४ एप्रिल २०१६ रोजीं 'ई-नाम' ही कृषिबाजाराची योजना सुरू झाली. 'यामुळें शेतकऱ्यास चांगला भाव मिळतो' असें वाक्य पुष्कळ निबंधांच्या शेवटीं निष्कर्ष म्हणून येतें; वस्तुतः तो योजनेचा हेतु होय. याउलट, कर्नाटकांतील एकत्रित ऑनलाइन बाजारावर २०२० सालीं प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. भात, भुईमूग व मका यांचे भाव अनुक्रमें ५.१, ३.६ व ३.५ टक्क्यांनीं वाढल्याचें त्यांत दिसलें. पण कापूस, मूग व तूर यांच्या भावांत लक्षणीय फरक आढळला नाहीं, हेंहि लेखकांनीं लपविलें नाहीं. तूर आणि कापूस पिकविणाऱ्या आमच्या तालुक्यास हा दुसरा भागच अधिक मोलाचा नव्हे काय?

आतां एकच संपादक या तिन्ही पुराव्यांची पारख करूं शकेल, हें संभवत नाहीं. तीन परीक्षक नेमले तर विविधता शोभेल. परंतु शुल्क भरतांच चार दिवसांत स्वीकृतिपत्र येतें, तेथें परीक्षक नाहींच असें समजावें. पुणें विद्यापीठांतील भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं, विद्यापीठांच्या शिफारशीनें अनुदान आयोगाच्या यादींत शिरलेल्या १००९ पत्रिका तपासून, त्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाच्या असाव्यात असा निष्कर्ष २०१८ सालीं मांडला. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें यादींतून ४३०५ पत्रिका काढून टाकल्या. पुढें आलेली 'केअर' ही यादीहि फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद झाली, आणि निवडीचा भार विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर आला.

यावर कोणी म्हणेल कीं, बिचाऱ्या तरुण अध्यापकानें करावें काय? २०१६ च्या नियमांनीं प्रबंधापूर्वीं निबंध छापण्याची सक्ति केली होती. ती २०२२ सालीं उठली, तरी बढतीच्या हिशेबांत निबंधांची गणती चालूच आहे. ही तक्रार खरी आहे. जेथें वाचण्याऐवजीं मोजण्याचा प्रघात पडतो, तेथें मोजण्यासाठींच लिहिलें जाणार. म्हणून अध्यापकास दोष देण्यापूर्वीं निवडसमितीनें उमेदवाराचा एक तरी निबंध आरंभापासून शेवटपर्यंत वाचावा, असें आमचें म्हणणें आहे.

अध्यापकासहि आमचें सांगणें आहे. टिळकांच्या एका भजनाचे चार गांवच्या ख्रिस्तमंदिरांत गाइले जाणारे पाठ जमवून ताडणें, अथवा एका हंगामांतील तुरीचे लिलावाचे व ऑनलाइन बोलीचे भाव समोरासमोर मांडणें, हीं कामें तालुक्याच्या गावीं बसून आणि शुद्ध मराठींत करतां येतात. त्यांस शुल्क पडत नाहीं. मात्र वेळ लागतो, आणि जाणत्या माणसाचे आक्षेप ऐकून घेण्याची तयारी लागते.